चिमणीला घाम येतो

"बाबा, चिमणीला घाम येतो म्हणता, मग तो पाऊस पडल्यावरच कसा येतो?"

बेकरीवाल्या काकूंसमोर ती हे विचारणारच नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. तिने विचारलं. काकूंच्या हातातला पावांचा ट्रे हातातच राहिला. मैत्रिणी एकमेकींच्या पाठीमागे तोंड लपवून हसल्या.

बाबा पत्रे बसवायचे. बेकरीच्या पत्र्यातून भट्टीची विटांची चिमणी वर निघते, तिथे दर पावसाळ्यात पाणी यायचं. आणि दर पावसाळ्यात बाबा म्हणायचे, गळत नाही, चिमणीला घाम येतोय. मग जोडावर डांबराचा आणखी एक थर फासायचे.

"जीभ फार चालते तुझी," बाबा म्हणाले. "मग हात चालव. चढ वर. पण आत एक थेंब जरी आला, तरी पुन्हा शिडीला हात लावायचा नाही. गुमान पुस्तकं घेऊन बसायचं."

"अहो, लेकीला कसल्या अटी घालता," शिडी धरून उभी असलेली आई म्हणाली. तोवर लेक वर पोचलीसुद्धा होती.

तिने डांबर खरवडून काढलं. खालून बाबांची पत्र्याची पट्टी निघाली. इकडे छपराला स्क्रूने आवळलेली, तिकडे विटांना. मधोमध टरकलेली. छप्पर उन्हात फुगतं, सरकतं. चिमणी ढिम्म. दोघांना एकत्र जखडल्यावर दुसरं काय होणार? तिने दोन पट्ट्या केल्या. एक छपरावर बसवून चिमणीच्या अंगाने वर वळवली. दुसरीची कड विटांत खाच पाडून आत खोवली आणि पहिलीवर नुसती सोडली, झालरीसारखी.

"आवळ की ती," बाबा खालून म्हणाले. "लोंबकळतेय नुसती."

"लोंबकळू दे. तिला हलायला जागा नको का?"

मैत्रिणींनी दोरीने पाण्याची बादली वर चढवली. बाबा आत जाऊन बरोबर चिमणीखाली मान वर करून उभे राहिले. तिने बादली ओतली. पाणी पट्ट्यांवरून सरसर वाहून गेलं. मग चिमणीच्या मागच्या कोपऱ्यात किंचित थबकलं आणि दिसेनासं झालं. तिथे पत्रा दुमडायचा होता. तिने घाईत कापला होता.

बाबा बाहेर आले. त्यांच्या कपाळावरून एक ओघळ नाकापर्यंत आला होता. त्यांनी तो बाहीने पुसला. मैत्रिणींकडे पाहिलं, मग वर तिच्याकडे.

"गळत नाहीये," ते म्हणाले. इतक्या मऊ आवाजात ते कधीच बोलत नसत. "घाम आहे तो. उतर आता. छान केलंस."

मैत्रिणींनी टाळ्या वाजवायला हात उचललेच होते. नुसतं उतरायचं होतं. तिने पक्कड घेतली आणि तो कोपरा उचकटला.

"गळलंय, बाबा. माझं चुकलं. आई, शिडी सोडू नकोस, मला वेळ लागेल. आणि दोघंही ऐका. तुमची अट मी मोडतेय. मी हेच काम करणार, आणि गळलं की गळलंच म्हणणार."