बिनसूचनेची कॅसेट

"ही कुठून आली?" साहेबांनी कॅसेट टेबलावर ठेवली.

मास्तरांनी ती उलटसुलट करून पाहिली. वेष्टनावरचा रंग फिका, सिनेमाच्या नावातही चूक. "बाजारातून," ते म्हणाले.

"आपली अजून सोमवारी निघायची आहे, आणि ही आजच फुटपाथवर मिळतेय. वर सुरुवातीची सूचनाही नाही."

मास्तरांनी कॅसेट परत टेबलावर ठेवली. ते शिक्षक वगैरे नव्हते. कॅसेटची प्रत कितीही चांगली निघाली तरी तिच्यात खोट काढायचे, म्हणून हे नाव पडलेलं.

स्टुडिओचा कॅसेट विभाग निघाला तेव्हा त्याला कुणी विचारत नव्हतं. घरी बसून कोण सिनेमा पाहणार, असं म्हणून मालक हसले होते. जुनं रंगाचं गोदाम, दोन यंत्रं, एक पंखा आणि मास्तर, एवढाच तेव्हाचा पसारा. आधी कॅसेट भाड्याने जायच्या, मग विकल्या जाऊ लागल्या, आणि बघता बघता स्टुडिओचा निम्मा गाडा हेच गोदाम ओढू लागलं. आता चौथ्यांदा चोरटी प्रत आधीच बाहेर आली होती. चोर सापडला नाही तर विभागच बंद करतो, असं मालकांनी बजावलं होतं. चौदा माणसांच्या पोटाचा प्रश्न होता.

साहेबांचा तर्क सरळ होता. नक्कल करणे गुन्हा आहे, ही सूचना प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला असते. तिच्याशिवाय एकच प्रत निघते, ती पहिली. मास्तर ती काढतात, साहेब घरी नेऊन तपासतात, दुसऱ्या दिवशी परत आणतात आणि मग सूचना जोडली जाते. म्हणजे ती दोघांच्याच हातातून जाते. त्यातला चोर आपण नव्हे, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं.

शिवाय मास्तर हल्ली नजर चुकवत होते. मागच्या महिन्यात तर म्हणाले, "पहिली प्रत घरी नेऊ नका साहेब, इथेच बघत जा." म्हणजे ती रात्रभर यांच्या ताब्यात. साहेबांच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती.

संध्याकाळी घरी पोचले तर बायको कपाट उपसून बसलेली.

"अहो, नातीच्या पहिल्या पावलांची कॅसेट सापडत नाहीये. तुमच्या पिशवीतून ऑफिसात तर नाही ना गेली?"

"मी कशाला नेऊ घरच्या कॅसेट?"

"मग तिला काय पाय फुटले?"

जावयाने पाण्याचा पेला आणून दिला. मुलगी, जावई आणि नात वर्षभर त्यांच्याकडेच राहत होती. जावई उत्साही. घरातलं सगळं चित्रण तोच करी, त्यामुळे स्वतः मात्र कुठेच दिसत नसे. दुसरा व्हीसीआरही त्यानेच आणला होता, सासूबाईंना झोपायच्या खोलीत सिनेमे बघता यावेत म्हणून. तो अजून बैठकीतच पहिल्याशेजारी पडून होता.

"चोर सापडला का, बाबा?" त्याने विचारलं.

"सापडल्यातच जमा आहे."

"चला, सुटलात एकदाचे," जावई म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दार लावून घेतलं आणि कोरा कागद मास्तरांपुढे सरकवला. "राजीनामा लिहा. मी पोलिसांत जाणार नाही. तेवढी ओळख ठेवतो."

मास्तरांनी कागद जवळ ओढला. या गोदामातच त्यांचे केस पांढरे झाले होते. "साहेब, ती कॅसेट शेवटपर्यंत पाहिलीत?"

"नावं सुरू झाली की मी बंद करतो. गोष्ट संपल्यावर बघायचं काय?"

"मला सवय आहे. फीत संपेपर्यंत बघायची."

"विषय बदलू नका. कुणाला देत होतात?"

मास्तरांनी पेन उचललं. दोन ओळी लिहून खाली सही केली. "माझ्या तोंडून कुणाला काही कळणार नाही. एवढा भरवसा ठेवा."

चोरी ती चोरी आणि वर मुजोरी, असं साहेबांना वाटलं. तरी मास्तर गेल्यावर खोली उगाचच मोठी वाटू लागली, आणि साहेबांना वाईट वाटलं.

दुपारी राजीनामा आणि अहवाल मालकांकडे गेला. पुरावा म्हणून कॅसेटही पाठवायची होती. पाठवण्याआधी एकदा चालतेय ना ते पाहावं, म्हणून साहेबांनी ती यंत्रात घातली. सिनेमा संपला, नावं सुरू झाली. सवयीने त्यांचा हात बटणाकडे गेला, पण मास्तरांचं बोलणं आठवलं आणि ते थांबले.

नावं संपली. काळा पडदा आला, मग नुसती खरखर.

मग चित्र एकदम हललं. निळे पडदे, वेताची खुर्ची, आणि टेबलाच्या कडेला धरून उभी असलेली वर्षाची मुलगी. तिच्यासमोर दोन्ही हात पसरून साहेब स्वतः बसले होते. "ये, आजोबांकडे ये," ते म्हणत होते.

तिने हात सोडला, एक पाऊल टाकलं. आणि कॅमेऱ्यामागून ओळखीचा, हसरा आवाज आला, "बाबा, इकडे बघा."