गुलाबी माती

दोन घरांचे पाये शेजारीशेजारी खणले होते, एक तिच्या घराचा, दुसरा आत्याचा. कंत्राटदार अर्थात बाबाच. काळी माती पाणी पिऊन फुगते, म्हणून दोन्हीकडे चुना कालवलाय, असं ते छातीठोकपणे सांगत. त्यांचंच कौतुक मिरवायला तिने शाळेच्या प्रयोगशाळेतून चुना तपासायच्या औषधाची बाटली आणली. “आल्या शास्त्रज्ञ बाई,” आत्या हसली. “चुना असला की हे थेंब गुलाबी होतात. बघच,” ती म्हणाली. थेंब पडूनही आत्याच्या चरातली माती काळीच राहिली. “औषध शिळं असेल,” बाबा घाईने म्हणाले. “हो ना गं?” तिने स्वतःच्या घराच्या चरात थेंब टाकले. माती झटकन गुलाबी झाली. आत्या बघतच राहिली. “ताई, तू एकटीच राहणार,” बाबा पुटपुटले, “तुझ्या घराचा भार तो कितीसा?” फुगलेली माती हलकं घरच आधी उचलते, हे लेकीला त्यांनीच शिकवलं होतं.