नापास झालेला हंस
“कोणाला खरं वाटणार नाही, पण मी एका हंसाला नापास केलंय!” आजोबांनी नातीला सांगितलं. जर्मनीत शिकाऊ वैमानिकांच्या शेजारी बसून परीक्षा घेण्यात त्यांचा जन्म गेला होता. कालच डॉक्टरांनी त्यांचं उडणं कायमचं बंद केलं. विमानात आजीच्या कानांवर लावायला हौसेनं आणलेला हेडफोन अजून न उघडलेल्या खोक्यातच होता. खोकं मांडीवर घेऊन ते रंगात आले. “तुझ्या आजीला घेऊन ऱ्हाइन नदीवरून चाललो होतो. समोरून हंसांचा थवा आला. म्हटलं, घेऊ यांचीही परीक्षा! शेवटचा हंस न सांगताच वळला. तिथंच नापास! बिचारा डार्मश्टाटपर्यंत रडत मागे आला. आजीनं त्याला चकली भरवली.” “एष्ट, आजोबा? खरंच?” “गेनाऊ! अगदी खरं!” आजीनं आत येऊन खोक्यावरची धूळ हातानं पुसली. म्हणाली, “अहो, हंस रडला, मानलं. पण त्या विमानात मी कुठं होते?”