हौदावरची सावली

हाडमोड्या तापाचा धोका कोणत्या गल्लीला किती, हे ठरवायला म्युनिसिपालटीचा चंद्रभान घरोघरचं पाणी तपासत हिंडे. इतवारीतली ही गल्ली आतापर्यंत स्वच्छ निघाली होती, म्हणून आज स्वारी खुशीत होती. उरलं होतं एकट्या राहणाऱ्या रंभाबाईंचं घर.

त्यांच्या अंगणातल्या हौदात मात्र डासांच्या अळ्या सापडल्या. चंद्रभानची पारख साधी होती. पाण्यावर वाकायचं, सावली पडली की अळ्या झरकन तळ गाठतात. तो वाकला, त्या खाली गेल्या. तो मागे सरला, त्या वर आल्या.

“बाई, हा हौद आजच उपसा. नाहीतर साऱ्या गल्लीले ताप येईन.”

“उपसते नं, साहेब,” ओसरीवर तांदूळ निवडत रंभाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात अळ्या पुन्हा तळाशी गेल्या. चंद्रभान तर काठापासून दोन पावलं मागे उभा होता. वर आभाळ मोकळं होतं, पाखरूही नव्हतं. तो पाहत राहिला. अळ्या वर येईनात.

रंभाबाईंनी मान वर केली आणि मायेनं हसल्या. “काहून वाकून राहिला गा घडीघडी? पडशीन नं.”

“मी तर इकडं उभा आहो, बाई.”

“तुमाले नाही म्हटलं, साहेब.”

हौदातल्या अळ्या हळूहळू वर आल्या.