आग्रह नसलेला देश

कुवेतमधल्या बनेद अल-गारच्या किनाऱ्यावर संध्याकाळ हळूहळू पाण्यात विरघळत होती. केवळ छायाचित्रात पाहिलेल्या नवऱ्याकडे ताहिरा उद्या विलायतेला निघणार होती. आणि इंग्रज साहेबांच्या घरी खानसामा असलेले नूरुद्दीन लेकीला तिथल्या रीतीभाती समजावत होते.

"न कळवता कुणाच्या दारी जायचं नाही. आणि कुणी चहा विचारला, तर आपल्यासारखं नको-नको करायचं नाही गो. ती माणसं दुसऱ्यांदा विचारीत नाहीत. हवं असेल तर पहिल्याच खेपेला हो म्हणायचं."

"मग मी उपाशीच मरेन, अब्बा."

नूरुद्दीन मोठ्याने हसले. वाऱ्यावर तिची ओढणी तरंगत होती, जणू तिच्याआधीच ती कुठे दूर निघाली होती. अंधारू लागले तसे ते वाळू झटकत उठले आणि त्यांच्या कोकणात निरोप घेणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला म्हणतात तसे सवयीने म्हणून गेले, "राहा की गो आणखी चार दिस."

अशा बोलण्याला नको म्हणायचे असते, हे दोघांनाही ठाऊक होते.

ताहिरा वाळूतून उठली नाही.

"राहते, अब्बा," ती लगेच म्हणाली.