मधली भिंत

पाडकामाच्या यंत्राचा लोखंडी पंजा व्हर्नेलच्या घराच्या छपरात घुसला, तेव्हा शेजारची ओलेथा आपल्या संगमरवरी पायऱ्या घासत होती. दर शनिवारी खरखरीत दगडाने पायऱ्या पांढऱ्याशुभ्र करायच्या, ही बाल्टिमोरच्या त्या गल्लीची रीत. व्हर्नेलने जन्मात दगड हातात धरला नाही. मेली तेव्हाही तिच्या पायऱ्या काळ्याच होत्या.

दोघी हयातभर भांडल्या. व्हर्नेलचा रेडिओ लागला की ओलेथा मधल्या भिंतीवर झाडूचा दांडा ठोकायची. पलीकडून लगेच आवाज यायचा, "ए भवाने, माझ्या भिंतीला हात लावू नकोस!"

"तुझी? तुझ्या बापाने बांधली का?"

व्हर्नेल गेली आणि घर ओस पडलं. उंदीर माजले, गर्दुल्ले शिरले, शेवटी दारावर लाल फुलीची पाटी लागली: घर धोक्याचं, आत जाऊ नये. ते एकदाचं पाडावं म्हणून ओलेथाने पालिकेच्या कचेरीत खेटे घालून चपला झिजवल्या. मध्यंतरी जुनी घरं जपणारी मंडळी आली होती. दोनशे वर्षांची ही विटांच्या घरांची ओळ अख्खी राखायची, म्हणून त्यांना तिची सही हवी होती.

"ही घरं एकमेकांच्या आधारानेच उभी आहेत," त्यांच्यातली एक पोरगी म्हणाली.

"मला त्या घाणेरडीचा आधार?" ओलेथाने दार लावून घेतलं होतं.

दुपारी धुरळा बसला. पायऱ्या पुन्हा एकदा धुऊन ओलेथा समाधानाने हात पुसत माडीवर गेली, आणि दारातच थबकली. तिच्या पलंगावर ऊन पडलं होतं. भिंतीला हात जाईल एवढं भगदाड होतं आणि वरची तुळई खाली झुकली होती. तिची हाक ऐकून पाडकामाचा मुकादम धावत वर आला.

"मिस ओलेथा, खाली चला. आत्ताच्या आत्ता!"

"मेल्यांनो, माझी भिंत का फोडलीत?"

"तुमची नाही हो ती. या बाजूला तुम्हाला भिंतच नाही. तेव्हा दोन घरांत एकच बांधायचे. ती त्या घराची. तुमच्या तुळया तिच्यातच रोवलेल्या." त्याने मान खाली घातली. "आता हेही पाडावं लागणार."

ओलेथा रस्त्यावर येऊन उभी राहिली. तिला स्वतःचाच संताप आला, पण तो काढायला समोर कुणी नव्हतं. पायऱ्या अजून ओल्या होत्या. मुकादमाने ढिगाऱ्यातून लाल फुलीची पाटी उपसली, झटकली आणि तिच्या दारावर ठोकायला घेतली.

ठोके घरभर घुमले. ओलेथा सवयीने पलीकडच्या शिवीची वाट पाहत राहिली.