इझ्राचं पत्र

घराण्याचे जुने कागद ऑगस्टाने न चाळताच ग्रंथालयाला देऊन टाकले होते. अक्षरं ओळखायला ग्रंथपालाने तिला आणि तिच्या विधवा भावजयीला बोलावलं. पेटी उघडली आणि भावजयीला, लव्हीनाला, आपल्याच नावाचं पाकीट दिसलं. अक्षर इझ्राचं, तिच्या नवऱ्याचं होतं. तो अमेरिकेतल्या यादवी युद्धात मारला गेला, त्याला सव्वीस वर्षं झाली होती.

"हे मला कधी मिळालंच नाही," ती म्हणाली.

"आईने ठेवून घेतलं होतं," ऑगस्टा म्हणाली. "आता ते ग्रंथालयाचं आहे. हात लावू नकोस."

लव्हीनाने पत्र उघडलं. 'मी परतलो नाही, तर आईजवळ राहू नकोस. ती तुला सुखाने जगू देणार नाही. माहेरी जा, पुन्हा लग्न कर.'

त्याच आईचे टोमणे ऐकत, अंथरुणं धूत, सासू मरेपर्यंत लव्हीनाने एकवीस वर्षं काढली होती. इझ्राची तशीच इच्छा असेल, असं समजून. तिला मागणी घालणारा शाळामास्तर वाट पाहून दूर पश्चिमेला निघून गेला होता.

"तू गेली असतीस, तर आई माझ्या गळ्यात पडली असती," ऑगस्टा म्हणाली.

लव्हीनाने पत्र परत पेटीत ठेवलं आणि ती ग्रंथपालाकडे वळली. "यादीत लिहा. बायकोला आलेलं पत्र, सासूने लपवलं, नणंदेने लपवू दिलं. दोघींची पूर्ण नावं मी सांगते."

ऑगस्टाने पेटीकडे हात नेला. ग्रंथपालाने पेटी स्वतःकडे ओढून घेतली आणि टाक शाईत बुडवला.